क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला तर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्किझोफ्रेनियात दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही गुण येत नाही, तेव्हा क्लोझापिन दिले जाते. अशा रुग्णांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. मात्र शंभरात एखाद्याचे, किंबहुना त्याहूनही कमी जणांचे, त्यामुळे रक्तातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नाहीसे होतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यातून मृत्यू झाले आणि अनेक देशांत औषध मागे घेतले गेले. अमेरिकेने १९८९ मध्ये मान्यता दिली ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. २०२५ मध्ये तपासणीचे आकडे नोंदवण्याची तिथली सक्तीची योजना संपली, पण तपासणीची गरज संपलेली नाही.

सर्वाधिक धोका पहिल्या अठरा आठवड्यांत असतो, म्हणून तेव्हा दर आठवड्याला रक्त तपासतात. काही ठिकाणी सहा महिने. पुढे वर्षभरापर्यंत पंधरवड्याला, नंतर महिन्याला.

रिपोर्ट वाचताना घरचे लोक पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा पाहून निश्चिंत होतात. एकूण पेशी ४,००० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर न्यूट्रोफिल भरतात १,२००. एकूण आकड्यापुढे कसलीही खूण नसते, तरी हा रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना कळवण्याजोगा आहे. १,५०० च्या खाली सावध व्हायचे (काही देशांत इथेच औषध थांबवतात), १,००० च्या खाली औषध बंद, ५०० च्या खाली आणीबाणी. काहींचे न्यूट्रोफिल मुळातच कमी असतात, त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट जपून ठेवावा.

खरा घोळ होतो तो दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत. ताप, घसादुखी, तोंडात फोड यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डिफरन्शियल काउंटसह (म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीसह) सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण तपासणी, करावी. न्यूट्रोफिलच नसतील तर पू धरत नाही, घसा फारसा वाईट दिसत नाही; कधी कधी ताप एवढीच खूण असते. घरातल्या गोळीने तोही दबतो आणि मोलाचा दिवस जातो. तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘क्लोझापिन चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, नाहीतर ते साधा व्हायरल समजून सोडून देतील. फिट्‌सवरचे कार्बामाझेपिन किंवा तापासाठीचे मेटामिझोल सोबत नकोच. तीही याच पेशींवर घाला घालतात.

रिपोर्ट चांगला असताना निव्वळ भीतीपोटी औषध परस्पर बंद करणेही वाईट. आजार उसळतो. शिवाय ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जुन्या मात्रेवर परतता येत नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जावे लागते, कारण एकदम पूर्ण मात्रेने रक्तदाब कोसळू शकतो.

न्यूट्रोफिल एकदा ५०० च्या खाली गेले, तर त्या रुग्णाला क्लोझापिन सहसा पुन्हा देत नाहीत. ही नोंद त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक असावी.

आपला,
एक मनोविकारतज्ज्ञ