‘कुक्ड’ म्हणजे नेमकं काय झालं?

नेरुळ, गुरुवार रात्र

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

हे कागदावर लिहून फोटो फक्त तुला पाठवतोय, ग्रुपवर टाकत नाही.

मंगळवारी दुपारी एम-टूचा, म्हणजे गणिताचा, पेपर झाल्यावर तुझा मेसेज आला, ‘एम-टू. आय अॅम कुक्ड.’ आई कणीक मळत होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिने करंगळीने फोन उघडला आणि लिहिलं, ‘काय केलंस रे? हॉस्टेलवर शेगडी चालते का?’ तू ते वाचलंस हे तिला दिसलं. उत्तर मात्र रात्री साडेदहापर्यंत आलं नाही. पोळ्या लाटताना तिने फोन पिठाच्या डब्याला टेकवून समोरच ठेवला होता.

मी तो मेसेज वाशीला गाळ्यावर वाचला, दिवसाचा मेळ बसवताना. हिशेबाच्या कामात इंग्रजीत ‘बुक्स कुक केली’ म्हणजे वह्या खोट्या केल्या. कुकचा हा खोटेपणाचा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. मला वाटलं, परीक्षेत काही भलतंसलतं करून बसलास की काय. हातपायच गळाले. तुला कधी सांगितलं नाही, पण तुझ्या जन्माआधी मी एका पेढीवर होतो. मार्चअखेरीला मालकाने मागच्या तारखांची खरेदीची बिलं पुढ्यात टाकली आणि म्हणाला, खतावणीत चढव. त्यातलं एक पोतंही आलेलं नव्हतं. मी चढवली नाहीत. नोकरी गेली, त्या महिन्याचा पगारही बुडाला, चार महिने आईच्या शिकवण्यांवर घर चाललं. म्हणून तो शब्द दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

खरा अर्थ कळला तो घरी परतताना. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी होती, तिला विचारलं. ती म्हणाली, ‘काका, म्हणजे वाट लागली.’ पुढे हेही म्हणाली की चार्जर घरी विसरला तरी मुलं ‘कुक्ड’ लिहितात आणि वर्ष वाया गेलं तरी ‘कुक्ड’च लिहितात. दुसऱ्या मजल्यापासून वरपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो. तुझं यातलं कोणतं?

मी विशीत ‘वाट लागली’ म्हणायचो, तेव्हा तुझे आजोबा भडकायचे. त्यांना तो शब्द मवाल्यांचा वाटायचा. मग मी त्यांच्यासमोर शब्द टाळायला लागलो आणि हळूहळू अडचण सांगणंही टाळायला लागलो. वर सांगितलेली नोकरी गेल्याचं त्यांना दीड महिन्याने कळलं, तेही दुसऱ्याकडून. त्यांना किती लागलं असेल, ते मला मंगळवारी समजलं.

म्हणून दोन रात्री बसून या शब्दाच्या मागे लागलो. अमली पदार्थ तयार करणाऱ्यांच्या भाषेतही हा शब्द आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जॅझ वाजवणारे ऐन रंगात आले की ते ‘कुकिंग’. तुझ्या बुद्धिबळातही तो आहे, तुला ठाऊक असेल: कोडं रचणाऱ्याच्या ध्यानात न आलेलं दुसरंच उत्तर सापडलं की त्याला ‘कुक’ म्हणतात आणि कोडं बाद होतं. तुझा अर्थ त्यामानाने अलीकडचा वाटतो, पण ‘माय गूस इज कुक्ड’, शब्दशः माझा हंस शिजला, म्हणजे माझं आटोपलं, असं इंग्रज एकोणिसाव्या शतकातही म्हणत होते.

सगळ्यात आवडलं ते वेगळंच. इंग्रजी कुक ज्या लॅटिन शब्दातून आला, तो आणि संस्कृतातला ‘पच्’ धातू एकाच मुळाचे आहेत. त्या पच्‌मधूनच आपले स्वयंपाक, पक्वान्न आणि ‘पक्का’ हे शब्द आले. दाणाबंदरात, म्हणजे वाशीच्या धान्यबाजारात, आम्ही रोज कच्ची पावती आणि पक्कं बिल म्हणतो. त्यातलं पक्कं म्हणजे शिजलेलं! तिकडे शिजवलेला हिशेब खोटा, आपल्याकडे शिजलेला खरा. इतकी वर्षं बिलं फाडतोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि तुम्ही मुलं म्हणता ते ‘लेट हिम कुक’, म्हणजे त्याला शिजवू द्या. 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सिअॅटल सीहॉक्स संघाचे चाहते रसेल विल्सन या खेळाडूसाठी ‘लेट रस कुक’ म्हणत होते. त्याला त्याच्या पद्धतीने खेळू द्या, प्रशिक्षकांनी हात आखडता घ्यायला लावू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. एम-टूच्या बाबतीत मी तसंच वागणार आहे. किती मार्क पडतील, राहिला तर पुढे काय, यातलं काहीही तू आपण होऊन सांगेपर्यंत विचारणार नाही. आईलाही सांगितलंय.

तू ‘कुक्ड’ खुशाल लिही, तुझ्या वयाचा शब्द आहे. फक्त त्याच्याखाली एक ओळ आपल्या भाषेत लिहीत जा. दोन प्रश्न सुटले, की अख्खा पेपर कोरा गेला. जेवलास की उपाशी आहेस. फोन करू, की आज नको. चार्जर विसरलेल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तरी चालतं. वर्ष वाया गेलेल्या मुलासाठी मी रात्रीच पुण्याची बस पकडेन.

आईने आज वाल भिजत घातलेत, शनिवारपर्यंत मोड येतील. येणार असशील तर एलपीच्या बसथांब्यावर उतर, मी स्कूटर घेऊन उभा असेन. प्रश्नपत्रिका बरोबर आण. बारावीपर्यंतचं गणित मला येतं, त्यापुढचं तू समजावून सांग.

तुझा,
बाबा