चिनूच्या अहवालाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले, "चिनूला हे कोणाच्या घराण्यातून आले गं?" आणि मी उत्तर न देता विषय बदलला. आई स्वतःलाच दोष देत बसली आहे हे तिच्या आवाजावरून कळत होते, म्हणून आता सगळे अहवाल हाती आल्यावर नीट लिहिते आहे.

चिनूच्या 22 क्रमांकाच्या दोन गुणसूत्रांपैकी एकावरचा डीएनएच्या सुमारे 30 लाख अक्षरांचा तुकडा गळलेला आहे. बाबा, तुम्ही म्हणाल की हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी केलेली गुणसूत्रांची तपासणी तर नॉर्मल होती. त्या कॅरिओटाइपमध्ये 46 गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि साधारण 50 लाख ते 1 कोटी अक्षरांहून लहान बदल तिथे सहसा दिसतच नाही. आता केलेल्या मायक्रोअ‍ॅरेमध्ये डीएनएचे प्रमाण जागोजागी मोजतात, त्यामुळे ही उणीव लगेच सापडली. ही तपासणी तेव्हाच झाली असती तर आमची दोन वर्षांची चाचपड वाचली असती, याची खंत मला आहे.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. या गुणसूत्रावर एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे काही पट्टे असतात. बीजपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे शेजारी येतात, तेव्हा चुकीचे पट्टे समोरासमोर आले तर मधला भाग निसटतो. ते कोणाच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने घडत नाही. दहांपैकी सुमारे नऊ मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आणि आम्हा दोघांचे रक्त तपासले तेव्हा आमच्यात तो नव्हता. चिनूच्या पुढच्या पिढीत मात्र तो उतरण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असेल. ते तिला योग्य वयात आम्हीच सांगू.

गळलेला तुकडा परत बसवता येत नाही, पण त्याच्यामुळे काय काय होऊ शकते हे माहीत असल्याने पुढची देखरेख ठरवून करता येते. तिला मागे आलेली फिट रक्तातले कॅल्शियम उतरल्यामुळे होती. आजारपणात ते पुन्हा उतरू शकते, म्हणून ती तुमच्याकडे असताना औषधाची एकही वेळ चुकवू नका, आणि हातापायांना मुंग्या किंवा पेटके आले तर न थांबता डॉक्टरांकडे न्या. मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि श्रवणचाचणी झाली. जिवंत विषाणूंच्या लशी देण्याआधी तिची प्रतिकारशक्ती तपासायची आहे.

तिचे बोलणे अस्पष्ट आहे ते टाळूचा मागचा भाग नीट मिटत नसल्याने, कारण हवा नाकावाटे निसटते. वाचाउपचार सुरू आहेत, आणि गरज पडल्यास टाळूची शस्त्रक्रियाही करता येते. तुमचे बोलणे तिला समजते. आई, फोनवर तिचा शब्द अडला की तू प्रेमाने तो पुरा करतेस. यापुढे थोडी थांब, तिला तो स्वतः म्हणू दे. काल तिने "आजी" हा शब्द चार वेळा म्हणून पाहिला.

तुमची लेक