पेशंट चालू लागला, पुढचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखी, कंबरदुखी आणि फिजिओथेरपी यांवर बरेच छापून येते, ते यायलाच हवे. ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या शिबिरांचे फोटोही असतात. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, काम ही रोजची कामे पेशंटला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. तिचा २७ ऑक्टोबरचा जागतिक दिन मात्र आमच्याकडे कधी आला, कधी गेला, कळत नाही. अमळनेरच्या बाजारात कुणालाही विचारा. फिजिओ म्हटल्यावर ‘शेक देतात, करंट लावतात, तेच ना?’ एवढे तरी उत्तर येईल. (हे ऐकून फिजिओथेरपिस्टांना काय वाटत असेल, तो वेगळा विषय.) ऑक्युपेशनल थेरपीचे नाव काढले की समोरचा आपल्याच तोंडाकडे बघत बसतो.

बरे, ही विद्या काल-परवा आलेली नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये तिची देशातली पहिली शाळा काढली. फिजिओथेरपीची शाळा त्याच रुग्णालयात त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. आपल्या राज्याच्या २००२ च्या कायद्यात दोन्ही शाखांची परिषद एकच आहे आणि तिच्या नावात ऑक्युपेशनल थेरपी आधी येते. थोरली असून गावात सगळे धाकटीलाच ओळखतात, अशी गत.

माझ्या वहिनीला लकवा मारला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीने ती उभी राहिली, काठी घेऊन ओट्यापर्यंत चालू लागली. घरात पेढे वाटले. पण चालत चालत ती जायची कुठे? अंघोळीला दुसरे माणूस, ब्लाउजच्या हुकांना दुसरे माणूस, वेणीला दुसरे, जेवायला सून भरवणार. जिच्या हातचे खापरावरचे मांडे खायला पारोळ्याहून माणसे यायची, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसू लागली.

ऑक्युपेशनल थेरपी शिकलेली एक मुलगी नात्यातल्या लग्नाला आली होती, तिने हे पाहिले. व्यायाम सांगण्याआधी ती मोरी बघून आली, मग स्वयंपाकाचा ओटा, मग वहिनीचे कपाट. बाही चढवताना आधी अधू हात घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे तिने वहिनीकडून तिथल्या तिथे करून घेतले. हुक काढून व्हेल्क्रो लावायला सांगितले. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड केला. परात सरकू नये म्हणून खाली ओले फडके घातले आणि डाव्या हाताने पीठ मळायला लावले. अधू हात नुसता मांडीवर ठेवायचा नाही, परातीच्या काठाला टेकवून ठेवायचा, हेही बजावले. सून मदतीला पुढे झाली तर तिला म्हणाली, ‘ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.’ त्यानंतर वहिनी कुणाला हात लावू देईना. ‘राहू दे, मी करसू’ हे तिचे पालुपद झाले. मांडे नाही जमत अजून, पण दादर ज्वारीची भाकरी थापते.

ही विद्या लोकांपुढे न येण्याचे एक कारण मला आमच्या घरातच सापडते. आमच्याकडे आजारी माणसाची सेवा करणे हा धर्म. ‘तुम्ही बसा, आम्ही आहोत ना’ म्हणत आपण त्याच्या हातातले सगळे काढून घेतो. ताट वाढलेले, साडी नेसवलेली, मग गेलेले काय ते दिसणार कुणाला? चालू लागलेला पेशंट गल्लीभर दिसतो. शौचाला एकट्याने जाता येऊ लागले, याचे कौतुक चारचौघांत कोण सांगेल? त्याचा फोटोही निघत नाही. शिवाय क्रिकेटच्या मैदानावर धावत जाणारा फिजिओ टीव्हीवर रोज दिसतो.

गरज तर पावलोपावली आहे. कडबा कुट्टीच्या यंत्रात हात गेलेले शेतमजूर टाके निघाले की घरी येतात. बोटे आखडण्याआधी स्प्लिंट (हात-बोटे योग्य स्थितीत धरून ठेवणारी आधारपट्टी) लावून, पकड बसवून त्यांना पुन्हा विळा धरता आला पाहिजे, हे पाहणारे कुणी नसते. शाळेत पेन्सिल नीट धरता न येणारे, बटण न लागणारे पोर ‘मठ्ठ’ ठरते. स्वमग्न मुलांचे आईबाप कुणीतरी सांगितले म्हणून थेट मुंबई-पुणे गाठतात. अपंगांच्या शिबिरात कुबड्या आणि तीनचाकी मिळते, पण घरी तुम्ही जेवता कसे, असे तिथे कुणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही.

फिजिओथेरपीचे महाविद्यालय जळगावात आहे. ऑक्युपेशनल थेरपी सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयात शिकायची तर खानदेशच्या पोराला मुंबई किंवा नागपूर गाठावे लागते. तिकडे गेलेले पोर परत का येईल? इथे ना पद दिसते, ना पाटी, ना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव.

महाविद्यालय उद्या निघणार नाही, हे कळते. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत लकव्याच्या किंवा हात कापलेल्या पेशंटला डिस्चार्ज देताना कार्डावर ‘फिजिओथेरपी’ लिहितात, त्याखाली ‘ऑक्युपेशनल थेरपी’ अशी एक ओळ आणखी लिहायला खर्च येत नाही. फिजिओथेरपिस्टांनीही आपल्याकडच्या पेशंटला ‘आता तिकडेही दाखवा’ असे सांगावे. यात त्यांचे गिऱ्हाईक तुटत नाही.

आपल्याकडे एकच मागणे आहे. तिन्ही जिल्ह्यांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट कुठे आणि कोणत्या वारी भेटतात, याची माहिती आपल्या तालुका वार्ताहरांकडून काढून छापावी. यादी चार ओळींची निघाली तरी चालेल, तेवढीच छापा. एखाद्या तालुक्यापुढे जागा कोरी राहिली तर ती कोरीच ठेवा, म्हणजे आमदार-खासदारांनाही दिसेल.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)