चिऱ्याला चुनाच हवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गोव्यावरचा लेख वाचला. से कॅथेड्रलच्या सोनेरी वेदीचे वर्णन छान उतरले आहे, पण भिंतींबद्दल त्यात एक ओळही नाही. मी खानापूर तालुक्यातल्या गवंड्याच्या घरातला, म्हणून लिहायला बसलो.

डिसेंबर 2024 मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी आम्ही घरची सगळी चोर्ला घाट उतरून गेलो होतो. शव से कॅथेड्रलमध्येच ठेवले होते. रांग मोठी होती आणि माझे डोळे भिंतींवर होते. या कॅथेड्रलचे काम 1562 साली सुरू झाले. इमारत उभी राहायला 1619 उजाडले आणि वेद्या पुऱ्या व्हायला 1652. ज्याने पायाचे चिरे बसवले, त्याच्या नातवंडांच्या काळात आत कोरीव लाकडावर सोन्याचा वर्ख चढत होता. 76 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असलेले हे सारे बांधकाम मुख्यतः जांभ्याचे आहे. आपल्याकडे घराच्या जोत्याला लावतात तोच हा दगड.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण पाणी पितो. म्हणून त्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा लागतो. गोव्यात तो चुना शिंपले भाजून करत. गिलावा पावसाचा मारा झेलतो आणि आत मुरलेली ओल बाहेरही जाऊ देतो. से कॅथेड्रल पांढरे दिसते ते यामुळेच. त्याचा एक मनोरा 1776 साली कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ या नावाने प्रसिद्ध असलेली घंटा आहे. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा मात्र 1950 च्या दशकात काढून टाकला. लाल दगड फोटोत देखणा दिसतो खरा, पण जवळ जाऊन पाहा, पावसाने तो कसा झिजला आहे ते. मला ते बघवले नाही.

आपल्याकडे याच्या उलट चूक होते. आमच्या भागातल्या एका जुन्या देवळाच्या चिरेबंदी भिंतींना जीर्णोद्धारात सिमेंटचे प्लास्टर केले. ओल आतच कोंडली. चार पावसाळ्यांत प्लास्टरचे पोपडे सुटले आणि सोबत दगडाचा पापुद्राही निघाला. गाववाल्यांनी भक्तीने वर्गणी काढली होती, त्यांचा काय दोष? सांगणारे कोणी नव्हते. वडिलांच्या वेळी बैलाची चुन्याची घाणी चाले. चुना कित्येक दिवस भिजत पडे, मगच त्याला थापी लागे. ते जाणणारी दोन-चार म्हातारी माणसे तालुक्यात अजून आहेत.

देऊळ असो, चर्च असो की वाडा, जुन्या चिऱ्याच्या कामाला हात घालण्याआधी कमिट्यांनी या माणसांना बोलवावे. आपल्या वार्ताहरांनीही त्यांना गाठून त्यांची कृती छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक गवंडी, खानापूर (जि. बेळगाव)