अकलंकांचा घडा पुरे, आता कृत्तिका दाखवा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला भट्ट अकलंकांवरचा लेख वाचला. आठव्या शतकातल्या या जैन नैयायिकाबद्दल खानदेशात चातुर्मासातल्या प्रवचनांतून जे कानावर येते, तेच त्यात होते: हिमशीतल राजाच्या सभेत बौद्धांशी वाद, त्यांच्या बाजूने घड्यात दडलेली तारादेवी, अकलंकांच्या लाथेने फुटलेला घडा. गोष्ट रंगतदार आहे. पण ती येते श्रवणबेळगोळच्या मल्लिषेण प्रशस्तीत, आणि ती प्रशस्ती शके १०५० ची, अकलंकांनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी कोरलेली. अकलंकांचा खरा वाद बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींच्या न्यायाशी, म्हणजे तर्कशास्त्राशी होता. तो कळायला अकलंकांच्याच ‘लघीयस्त्रया’तले एक उदाहरण पुरते: कृत्तिका उगवल्या, आता रोहिणी उगवणार.

हे आपल्या शिवारातूनही पाहता येते. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री आठनंतर पूर्वेला कृत्तिकांचा झुपका वर येतो आणि साधारण तासाभराने, किंचित उजवीकडे, तांबूस रोहिणी. क्षितिज धुरकट असेल तर दोन्हींना पंधरा-वीस मिनिटे उशीर धरा.

हेतू म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती, साध्य म्हणजे जे सिद्ध करायचे ते. बौद्धांच्या मते खऱ्या हेतूला तीन अटी: तो पक्षात (ज्याबद्दल अनुमान करायचे त्यात) असावा, सपक्षात (जिथे साध्य नक्की आहे तिथे) असावा, विपक्षात (जिथे साध्य नाही तिथे) नसावा. डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर आग. इथे धूर डोंगरावरच आहे, पहिली अट भागली. पण कृत्तिकांचा उदय रोहिणीत कुठे आहे? अट मोडली, तरी अनुमान चुकत नाही. शिवाय कृत्तिका रोहिणीचे कारणही नाहीत आणि कार्यही नाहीत, म्हणजे धर्मकीर्तींचे तादात्म्य (एकरूपता) आणि तदुत्पत्ती (कार्यकारणभाव) हे दोन्ही संबंध इथे लागू पडत नाहीत. उलट ‘मैत्र नावाच्या माणसाचे होणारे मूल सावळे निघेल, कारण त्याची आधीची सगळी मुले सावळी’ यात तिन्ही अटी वरवर पुऱ्या होतात आणि अनुमान मात्र लंगडे. म्हणून अट एकच, अन्यथानुपपत्ती: साध्य नसताना हेतू असूच शकत नाही.

शिकवताना घोटाळा होतो तो पुढे. दहा उदाहरणे मोजली की व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध, ठरली, असे मुलांना सर्रास सांगितले जाते. मोजणीने मैत्राची झालेली मुले कळतात, होणारे नाही. साध्य काढून घेतले तर हेतू टिकेल का, ही तपासणी म्हणजे तर्क. अकलंकांनी त्याला स्मृती, प्रत्यभिज्ञा (ओळख पटणे), अनुमान आणि आगम (शास्त्रवचन) यांच्या पंक्तीत स्वतंत्र परोक्ष प्रमाण, म्हणजे अप्रत्यक्ष ज्ञानाचे साधन, म्हणून बसवले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. नवख्याने मात्र नंतरचे जैन आचार्य माणिक्यनंदी यांच्या ‘परीक्षामुखा’पासून सुरुवात करावी; पाया अकलंकांचाच, पण सूत्रे छोटी आणि सरळ. अकलंकांची कारिका (सूत्रमय श्लोक) टीकेशिवाय उलगडत नाही.

ता. क. लेखात अकलंकांच्या नावावर दिलेला ‘अन्यथानुपपन्नत्वं यत्र तत्र त्रयेण किम्’ (जिथे अन्यथानुपपत्ती आहे, तिथे त्या तीन अटी कशाला?) हा श्लोक त्यांच्या आधीच्या जैन आचार्य पात्रस्वामींचा. बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी ‘तत्त्वसंग्रहा’त तो दिला आहे आणि त्यावरच्या टीकेत कमलशीलांनी पात्रस्वामींचे नाव घेतले आहे. अकलंकांनी तो आपल्या ‘न्यायविनिश्चया’त घेतला, म्हणून ही गफलत वारंवार होते.

– न्यायशास्त्राचा एक अभ्यासक, धुळे