टोपीवाल्यांच्या पलीकडचं कंट्री

सेंट लुईस
रविवार सकाळ

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "हे तुझं अमेरिकन कंट्री संगीत म्हणजे काय रे, टोपी, ट्रक, बिअर आणि सोडून गेलेली बायको!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसलास. मी तेव्हा एका हाताने पोळ्या भाजत होतो, म्हणून सोडून दिलं. पण ते डोक्यातून जाईना. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तासभर टाइप करायचं आणि तू एक अंगठा पाठवायचा, हे मला मंजूर नाही. तेव्हा चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

तुझं म्हणणं निम्मं मान्य. इथे रेडिओवर दिवसभर जे वाजतं ते बरंचसं तसंच आहे. नव्वदीत नॅशव्हिलने, म्हणजे कंट्रीचा सगळा धंदा जिथून चालतो त्या शहराने, एकाच साच्यातले इतके टोपीवाले गायक बाजारात आणले की इथल्याच लोकांनी त्यांना 'हॅट अ‍ॅक्ट' म्हणून नावं ठेवली. आपल्याकडे कंट्री म्हणजे जिम रीव्हज. बांद्र्यात, गोव्यात त्याच्या रेकॉर्डी जपून ठेवलेली घरं अजून सापडतील. तोही मला आवडतो, पण त्याच्या आवाजात सगळं कसं इस्त्री केलेलं. मी म्हणतोय ते वेगळं. त्याला 'ऑल्ट-कंट्री' म्हणतात, म्हणजे ऑल्टरनेटिव्ह, वेगळ्या वाटेचं कंट्री.

मला ते मिळालं ऑफिसातल्या एकाकडून. तो मूळचा बेलव्हिलचा. आमच्या इथून मिसिसिपी ओलांडली की इलिनॉय लागतं, आणि थोडं पुढे गेलं की हे गाव. एकदा त्याच्या गाडीतून येताना त्याने गावच्याच पोरांचा बँड लावला, 'अंकल टुपेलो'. सुरुवातीला मला वाटलं हे पंक रॉक आहे. गिटारी कर्कश, ड्रम्स अंगावर येणारे. मग एकदम सगळं थांबतं आणि एक पोरगा म्हाताऱ्याच्या आवाजात कारखान्याबद्दल, दारूबद्दल, गावातून सुटका नसण्याबद्दल गायला लागतो. हा जे फॅरार. रेकॉर्डिंगच्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्या जोडीचा जेफ ट्वीडी बावीसचा. त्या वयात आपण काय करत होतो ते आठव, आणि गप्प बस.

त्यांचा पहिला अल्बम 1990चा, 'नो डिप्रेशन'. हे नाव त्यांचं नाही. ते आलं कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गाणाऱ्या कुटुंबाच्या एका भक्तिपर गाण्यावरून. 1936 सालचं रेकॉर्डिंग, महामंदीचे दिवस. पृथ्वीवर मंदी आहे, स्वर्गात नाही, असा त्याचा भाव. चोपन्न वर्षांनी पंक ऐकत वाढलेली पोरं ते गाणं उचलतात आणि एका अक्षराचीही टिंगल न करता गातात. मला तिथेच त्यांनी जिंकलं. पुढे 1992मध्ये ते जॉर्जियातल्या अथेन्सला गेले आणि खाणकामगारांची, दारू गाळणाऱ्यांची जुनी गाणी आणि काही स्वतःची अशी पाच दिवसांत रेकॉर्ड करून आले. निर्माता होता 'आर.ई.एम.' या रॉक बँडचा पीटर बक. अल्बमला नाव काय दिलं, तर त्या पाच दिवसांच्या तारखा. विद्युत गिटार जवळपास हद्दपार. ज्या वर्षी सगळी तरुण मंडळी ग्रंज नावाच्या कर्कश रॉकच्या मागे धावत होती, त्या वर्षी!

1994ला दोघांचं फाटलं. फॅरारने 'सन व्होल्ट' काढला, ट्वीडीने 'विल्को'. जग विल्कोचं झालं, मी मात्र फॅरारच्या बाजूचा. सन व्होल्टचा 1995चा 'ट्रेस' ऐक आणि त्याच वर्षीचा विल्कोचा 'ए.एम.' ऐक, मग बोलू. त्याच साली सिअ‍ॅटलमध्ये दोघांनी एक नियतकालिक सुरू केलं, त्याचंही नाव 'नो डिप्रेशन'. मुखपृष्ठावर लिहायचे, ऑल्टरनेटिव्ह कंट्री, म्हणजे जे काही असेल ते. स्वतःच्या पंथाची इतकी कमी खात्री असलेली माणसं मला एकदम भरवशाची वाटतात.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या डोक्यात कंट्री म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं गाणं, हो ना? माझ्याही होतं. मग मी कार्टर फॅमिलीच्या मागे लागलो. त्या घराचा कर्ता ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात गाणी गोळा करत फिरायचा. त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याने एक पाय गमावलेला, हाताची दोन बोटंही गेलेली. कुणाच्या तरी ओसरीत बसून कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. घरी आल्यावर तो ती वाजवून दाखवणार, मग ती कार्टर मंडळींच्या तोंडी बसणार. मेबेल कार्टरने त्याच्याकडून गिटारही उचलली. रेकॉर्डवर नाव अर्थात कार्टरांचं. तसंच अलाबामात हँक विल्यम्स नावाच्या, पुढे कंट्रीचा मोठा गायक झालेल्या पोराला गिटारचे धडे मिळाले ते रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाकडून. आणि 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्रीच्या सर्वांत मोठ्या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांपैकी एक होता डीफर्ड बेली, माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब पळवणारा, तोही काळाच. 1941मध्ये त्याला काढून टाकलं. नंतर तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवून जगला. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं 2005ला, मेल्यावर तेवीस वर्षांनी.

मग हे गाणं गोऱ्यांचं झालं कसं? विकण्यासाठी. 1920च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या संगीताच्या दोन याद्या केल्या. गोऱ्यांनी गायलं की ते 'हिलबिली', काळ्यांनी गायलं की 'रेस रेकॉर्ड्स'. गाणी, वाद्यं, चाली पुष्कळदा त्याच. दुकानदाराने घातलेली फळी, आणि शंभर वर्षं लोक तिला भिंत समजतात.

त्यामुळे या नव्या मंडळींत मला सर्वांत जास्त ओढ आहे ती रिअ‍ॅनन गिडन्सची. बाई शिकली ऑपेरा, आणि नादी लागली बँजोच्या. 2005मध्ये नॉर्थ कॅरोलायनात काळ्या बँजोवादकांचा एक मेळावा भरला. तिथे तिला आणखी दोन तरुण भेटले, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन. तिघं मिळून मेबनमध्ये राहणाऱ्या जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिनच) आठवड्याला जायला लागले. म्हातारबुवा ऐंशीच्या पुढचे. काळ्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही वाजवण्याची पद्धत जिवंत ठेवणारे अगदी थोडे उरले होते, त्यांतले ते एक. नोटेशन नाही, काही नाही. समोर बसायचं, ते वाजवतील तसं वाजवायचं. तुला हे सांगायची गरज नाही, तुमच्या मिरजेत दुसरं काय चालतं? त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला, त्यांना ग्रॅमी मिळालं. पुढे गिडन्सला 2023चं पुलित्झर मिळालं, गुलाम केलेल्या एका मुस्लिम विद्वानावरच्या ऑपेरासाठी. 2024मध्ये बियॉन्सेने कंट्री गायलं आणि एकच गहजब झाला. त्या गाजलेल्या 'टेक्सस होल्ड 'एम'च्या सुरुवातीला बँजो वाजतो तो गिडन्सचाच.

बँजोची मूळ कहाणी तर तुझ्या दाराशी येऊन टेकते. आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांनी इथे आणि कॅरिबियन बेटांवर बनवलेलं हे वाद्य. भोपळ्याचं पोट, वर ताणून बसवलेलं जनावराचं कातडं, लांब दांडी, आणि एक तार बाकीच्यांपेक्षा आखूड. गोऱ्या नटांनी एकोणिसाव्या शतकात तोंडाला काळं फासून ते रंगमंचावर आणलं, मग लाकडी-धातूची कडी आली, दांडीवर सतारीसारखे पडदे आले, आणि भोपळा गेला. गिडन्स वाजवते ती 1858च्या एका बिनपडद्याच्या बँजोची प्रतिकृती. बिनपडद्याची म्हटल्यावर तुझे कान टवकारले असतील. हो, मींड येते, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं. खालच्या पट्टीत, जरा घोगऱ्या आवाजात.

मींडेवरून आठवली पेडल स्टील गिटार. ते मी इथे एका छोट्या बारमध्ये अगदी जवळून पाहिलं. आडव्या ठेवलेल्या दहा तारा, डाव्या हातात लोखंडी कांब, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताला नख्या. पायाखाली पेडलं, शिवाय गुडघ्यांनी ढकलायचे खटके, ज्यांनी एखादीच तार चढते किंवा उतरते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. वाजवणारा शिवणयंत्रावर बसलेल्या शिंप्यासारखा दिसतो, चारही हातपाय कामाला. सूर मात्र असा निघतो की पोटात कालवतं. हे आलं हवाई बेटांवरून. तीच हवाईयन गिटार इकडेही आली. टाउ मो नावाचा हवाईयन वादक 1940च्या दशकात कलकत्त्यात राहिला, शिकवून गेला. आपण लहानपणी विविध भारतीवर सिनेमाच्या गाण्यांच्या ज्या हवाईयन गिटारच्या धुना ऐकायचो, आणि विश्वमोहन भट जे वाजवतात, ते आणि नॅशव्हिलचं हे वाद्य एकाच घरातलं आहे. उरुसात गिटार ऐकून नाक मुरडणाऱ्या काकांना हे जरूर सांग.

बाकीचे लोकही ऐक कसे कसे आहेत. अलेहांद्रो एस्कोव्हेडो, मेक्सिकन स्थलांतरिताचा मुलगा, जन्म सॅन अँटोनियोचा, सुरुवात पंक बँडमधून. त्याच्या गाण्यांत चेलो आणि व्हायोलिन असं येतं की ते कंट्री आहे की काय हा प्रश्नच पडत नाही. 'नो डिप्रेशन'ने त्याला दशकाचा कलावंत जाहीर केलं, तेही 1998मध्ये, दशक संपायची वाट न पाहता. मीकॉन्स हे इंग्लंडमधल्या लीड्सचे, डाव्या विचारांचे पंक. खाणकामगारांचा संप चिरडला गेला त्या 1985मध्ये त्यांनी फिडल हाती घेतलं. 'काऊबॉय जंकीज' टोरांटोचे. त्यांनी 27 नोव्हेंबर 1987ला एका चर्चमध्ये, सगळे मिळून एकाच मायक्रोफोनभोवती बसून अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. चर्चवाल्यांना 'काऊबॉय जंकीज' हे नाव कसं सांगणार? म्हणून थाप मारली की आम्ही 'टिमिन्स फॅमिली सिंगर्स', नाताळच्या रेडिओ कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. हा अल्बम रात्री ऐक, कमी आवाजात. वहिनीलाही आवडेल.

आणि पॅट्रिक हॅगर्टी. वॉशिंग्टन राज्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत असताना चेहऱ्याला चमकी वगैरे लावून चीअरलीडर व्हायला गेला आणि शेणामातीच्या कपड्यांत आलेल्या बापाला पाहून लपला. बापाने नंतर त्याला सांगितलं ते इतकंच, की जे असशील ते लपतछपत असू नकोस. पन्नासच्या दशकाच्या शेवटी, खेड्यातला बाप! 1973मध्ये या पॅट्रिकने 'लॅव्हेंडर कंट्री' काढला, उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाने केलेला पहिला कंट्री अल्बम म्हणून तो ओळखला जातो. हजार प्रती निघाल्या, टपालाने विकल्या, विषय संपला. नॅशव्हिलने दार उघडण्याचा प्रश्नच नव्हता. तो सामाजिक काम करत राहिला, म्हातारपणी वृद्धाश्रमांत जाऊन जुनी गाणी म्हणायचा. 2014ला अल्बम पुन्हा निघाला आणि सत्तरीतला हॅगर्टी विशी-पंचविशीतल्या पोरांसमोर स्टेजवर उभा राहिला. 2022मध्ये गेला. आवाज खास नाही हं, आधीच सांगतो. थोडा नाकातला. पण भीड म्हणून नाही.

तू विचारशील, यातलं खरं गावाकडचं कोण? जिलियन वेल्चवर इथे हाच आरोप व्हायचा. पन्नास-साठ वर्षं जुनी वाटणारी डोंगरातली गाणी लिहिते, आणि वाढली कुठे तर लॉस एंजेलिसमध्ये, आईबाप टीव्हीसाठी संगीत करणारे. मला हा आरोपच कळत नाही. गाणं काय सातबारा आहे का, वारसांची नोंद दाखवून मिळायला? तिचा 2001चा 'टाइम (द रेव्हलेटर)' लाव. दोन गिटारी, दोन आवाज, बस. डेव्हिड रॉलिंग्जची ती छोटी 1935ची एपिफोन ऐकताना मला दर वेळी वाटतं की आता हा सूर चुकला, आणि दर वेळी तो बरोबर जागी येऊन बसतो.

सगळंच सोनं आहे असं नाही. दाढी वाढवून, चौकड्यांचा शर्ट घालून, उगाच खर्जात कण्हणारेही ढीगभर आहेत. त्यांच्यापेक्षा तुझे टोपीवाले परवडले. म्हणून तू सुरुवात ल्युसिंडा विल्यम्सपासून कर. 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', 1998. आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षांनी आला, कारण बाईंनी झालेलं रेकॉर्डिंग टाकून पुन्हा केलं. वडील कवी, क्लिंटनच्या दुसऱ्या शपथविधीला कविता वाचलेले. मुलगी गावांची नावं घेते, स्वयंपाकघरातले वास सांगते, गाडीच्या मागच्या सीटवरच्या लहान पोरीला काय दिसतंय ते सांगते, आणि भावनेचं नावही काढत नाही. मालू, म्हणजे माझी बायको, इंग्रजी गाण्यांना सहसा दाद देत नाही. तिने हे दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

आता एक काम. सतारमेकर गल्लीत तुझं बसणं-उठणं आहे. तिथे विचार, मध्यम भोपळ्याला बकऱ्याचं कातडं चढवून, पाच खुंट्यांची बिनपडद्याची दांडी बसवून कुणी देईल का. पाचवी खुंटी वरती नको, दांडीच्या मधोमध बाजूला हवी. मापाचं चित्र सोबत पाठवतोय, इंचांत लिहिलंय. पैसे किती सांगतात ते कळव, आणि कृपा करून तू घासाघीस करू नकोस. डिसेंबरात येतोय, तेव्हा घेऊन जाईन. विमानात कातडं चालतं का, ते मी इकडे बघतो.

तुझा,
बाळ्या