भरतपूरच्या रिक्षावाले भैयांना

भैया,

मराठी तुम्हाला येत नाही, पण लिपी तुमच्या ओळखीची आहे. कुणी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवलं, तर ‘सारस’ आणि ‘अण्णा’ एवढे दोन शब्द तुम्ही नक्की वाचाल. बाकीचं आपोआप कळेल.

लेकीकडे जयपूरला आलो, तेव्हापासून माझे वडील, अण्णा, तुमच्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानाचं नाव काढत होते. घरातल्या मंडळींचं म्हणणं, या वयात, या थंडीत पक्षी कसले बघता, देवदर्शनं करा. त्यांचा फार राग नाही. राग आहे तो दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जंगलात भेटलेल्या गाइडचा. कंपवाताने थरथरणारे अण्णांचे हात त्याने पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही गाडीतच बसा, यांना दाखवून आणतो.” अण्णा दीड तास गाडीत बसून राहिले. कोतवाल पक्षी कुठला आणि खाटीक पक्षी कुठला हे मला ज्यांनी शिकवलं, त्या माणसाने घरी आल्यावर दुर्बीण कपाटात ठेवली ती ठेवलीच. यावेळी मी ती न विचारता माझ्या पिशवीत घातली होती.

तुम्ही मात्र पहिल्या पाच मिनिटांत ओळखलंत की खरे पक्षीवाले अण्णा आहेत. मग तुमचं दोघांचं सुरू झालं. तुम्ही हिंदी नाव सांगायचं, अण्णांनी मराठी. पट्टकादंब, थापट्या, चक्रवाक. झाडाच्या ढोलीतलं घुबड तुम्ही बोट न उचलता, नुसत्या मानेने दाखवलंत. देवळाजवळ जुन्या शिकारींचे आकडे कोरलेल्या शिळेपाशी अण्णांनी आकडा मोठ्याने वाचला: 12 नोव्हेंबर 1938, एका दिवसात 4,273 पक्षी. तुम्ही दोघंही काही बोलला नाहीत. पुढे कितीतरी वेळ फक्त चाकाचा आवाज येत होता. सायबेरियन क्रौंच 2002 नंतर इथे आले नाहीत, हे तुम्ही घरातलं कुणी गेल्यासारखं सांगितलंत.

आणि मग धुक्यातून ती साद आली. आमच्या महाराष्ट्रात सारस आता गोंदियाच्या बाजूला, तेही थोडेच उरलेत. अण्णांनी जोडीची साद एवढ्या जवळून कधी ऐकली नव्हती. नराच्या एका हाकेला मादीची तुटक दोन-तीन उत्तरं. धुकं जरा विरळ झालं आणि माणसाएवढे उंच ते दोघं पाण्यात उभे दिसले. अण्णांनी दुर्बीण मागितली, डोळ्यांना लावली, आणि त्यांचा चेहरा पडला. हातांबरोबर सारसही थरथरत असणार.

तुम्ही गळ्यातला मफलर काढलात. त्याची घडी करून खांद्यावर ठेवलीत. रिक्षात बसलेल्या अण्णांसमोर पाठमोरे उभे राहिलात, गुडघे थोडे वाकवलेत, मान एका बाजूला केलीत आणि म्हणालात, “बाबूजी, यहाँ टिका लीजिए.”

दहा मिनिटं तरी तुम्ही तसेच उभे होतात. दुर्बीण हलू नये म्हणून मधूनमधून श्वाससुद्धा रोखत होतात. मी शेजारी बसून ते पाहत होते, सारस मी जवळजवळ पाहिलेच नाहीत. नराने पंख उभारले तेव्हा अण्णा “अरे!” म्हणाले, इतकंच.

‘मी धरतो’ म्हणून तुम्ही दुर्बीण स्वतःच्या हातात घेतली असती, तरी आम्ही आभारच मानले असते. पण तुम्ही ती अण्णांच्याच हातात राहू दिलीत. कुठे बघायचं, किती वेळ बघायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मोठमोठ्या दवाखान्यांत, बँकांच्या रांगांत, अगदी आमच्या नात्यागोत्यातही गेल्या काही वर्षांत त्यांच्या हातातून वस्तू काढूनच घेतल्या गेल्यात. पेन, कप, किल्ली. मीही घेतल्यात. काळजीपोटीच, पण घेतल्यात. हे मला त्या धुक्यात कळलं आणि तेव्हापासून मनातून जात नाही.

त्या कडाक्याच्या थंडीत तुमचा गळा उघडा होता, हेही माझ्या उशिरा ध्यानात आलं. निघताना नीट बोलताही आलं नाही मला, घशात काहीतरी अडकलं होतं. म्हणून हे पत्र.

घरी परतल्यापासून दुर्बीण खिडकीजवळच्या खुंटीला आहे. आज सकाळी समोरच्या झाडावर हळद्या आला. अण्णांनी मला हाक मारली, खिडकीकडे तोंड करून पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, “टॉवेलची घडी घे आणि खांदा जरा वर कर.”

तुमची,
अण्णांची मुलगी